मागचा पिवळा दिवा

धाराशिवच्या बसस्थानकासमोर थोडा वेळ उभे राहा आणि पुढे निघून जाणाऱ्या दुचाक्यांच्या पाठी वाचा. कुणाच्या मडगार्डवर वाघ, कुणाच्या नंबरप्लेटवर तलवार, कुणाच्या सीटमागे सोनेरी अक्षरांत थेट जातीचं नाव. नंबर बारीक, जात ठळक. स्वार तोंड उघडायच्या आधी त्याची गाडी पाठमोरी सगळं सांगून मोकळी होते.

दादाराव काकांच्या गाडीमागे फक्त नंबर होता. तोही त्यांनी स्वतः ब्रशने रंगवलेला, शेवटचा आकडा जागा न पुरल्यामुळे जरा चेंगरलेला. गाडी शंभर सीसीची, इतकी जुनी की तिच्या टाकीचा मूळ रंग कोणता यावर आमच्यात दोन मतं होती. नव्या गाड्यांचा दिवा इंजिन चालू झालं की आपोआप पेटतो, पांढरा फटक. काकांच्या गाडीला बटण होतं. ते दाबून ते भर उन्हात दिवा लावायचे आणि तो पिवळा जळायचा, देवळीतल्या पणतीसारखा. आम्ही बारा-चौदा जण डोंगरात फिरायला जायचो, तेव्हा आरशात तो पिवळा ठिपका दिसला की समजायचं, सगळे आहेत. कारण काका नेहमी शेवटी असायचे.

आमच्या या फिरण्याला नाव नव्हतं. जावेदच्या गॅरेजवर गाड्या दुरुस्तीला टाकणारे लोक चहा पिता पिता एकत्र आले आणि शनिवार-रविवारी बालाघाटात भटकू लागले, एवढंच. शनिवारी जवळचं, रविवारी लांबचं, रात्री आपापल्या घरी. एकदा कुणीतरी म्हणालं, गटाला झकास नाव देऊ, टी-शर्ट छापू. एकाने एका राजाचं नाव सुचवलं, दुसऱ्याने दुसऱ्या राजाचं. जावेद टायरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बिनानाम चलने दो भाई. नाम पड्या तो झगडा पड्या." टी-शर्ट राहिले.

मी या लोकांत आले ती स्कुटी घेऊन. बुलेटवाला महेश मला बघून म्हणाला होता, "ताई, घाट आहे, भाजी आणायला नाय चाललो." महेशच्या घरी आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडे मोठी शेती होती, ऊस होता, बोलण्यातही तेवढीच ऐसपैस जागा होती. त्याच्या शेजारी अंगद उभा होता, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन सहा महिने रानात असायचे, तो स्वतः एका काचेच्या पेटीत बसून स्क्रू फिरवायचा. तो महेशला म्हणाला, "तिची स्कुटी भाजी तरी आणती. तुझ्या बुलेटनं आजवर काय आणलं, पावतीच ना पोलिसाची?" दोघं खो खो हसले. हे दोघं तेव्हा असे होते. एकाच्या गाडीचं पेट्रोल संपलं तर दुसरा आपल्या टाकीतून नळी लावून तोंडाने ओढून काढून द्यायचा आणि मग दिवसभर थुंकत राहायचा.

काकांनी माझ्या स्कुटीभोवती एक फेरी मारली, चाकं दाबली आणि म्हणाले, "तू माझ्या म्होरं. तुझ्या मागं मी. मग कवाबी पड."

मग त्यांनी नियम सांगितला. आम्हा सगळ्यांना तो एवढ्या वेळा सांगितलेला होता की झोपेत म्हणता आला असता. पुढच्याने मागच्याचा दिवा आरशात बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. फाटा आला की मागचा येईपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. तो आला की त्याला तिथे उभं करायचं आणि आपण निघायचं. असं करत करत शेवटी काका येणार, आणि फाट्यावर उभा असलेला शेवटचा माणूस काकांना घेऊन पुढे जाणार. अशाने कुणी चुकत नाही. आणखी दोन नियम होते: आडनाव विचारायचं नाही, आणि गाडीच्या पाठीवर काही चिकटवायचं नाही.

"पाठीवर का नाही?" मी विचारलं.

"म्या शेवटी असतो का न्हाय? तुमी सगळे म्होरं बघून चालता. सगळ्यांच्या पाठी मलाच वाचाव्या लागत्यात. डोंगर बघायला आलोय, भिताडं वाचायला न्हाय."

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्या नोकरीने त्यांच्या अंगात जे शिरलं ते निघालं नाही. खाकी शर्ट, वर कायम रेनकोट, तो ऊन पडलं तरी काढायचे नाहीत. "ऊन बघून रेनकोट काडला की पाऊस कुठं तरी बसून बघतच असतोय," असं म्हणायचे. रिकाम्या रस्त्यावरही प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवायचे. निघताना सगळे बसले की जिभेने घंटी मारायचे, "टिंग टिंग." आणि थांबायचं असलं की एकच, "टिंग." पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. पुढे पुढे ती घंटी झाल्याशिवाय माझा हात ॲक्सिलरेटरवर वळेना.

शेवटी का चालता, असं मी एकदा विचारलं होतं. रामलिंगच्या घाटात आम्ही माकडांपासून भजी वाचवत बसलो होतो.

"तीस वर्सं म्या सगळ्यात म्होरं बसलो," ते म्हणाले. "मागं गाडीत कोन रडतंय, कोन भांडतंय, कोन राह्यलं, काय कळायचं न्हाय. कंडक्टरनं घंटी मारली की निघायचं. आता म्हनलं, मागं बसून बघावं कसं दिसतंय."

मग त्यांनी कोंबडीची गोष्ट सांगितली. ती ते दर दोन महिन्यांनी सांगायचे आणि आम्ही दर वेळी ऐकायचो.

सोलापूरहून गाडी येत होती. तुळजापूरच्या घाटाखाली चहाला थांबली. कंडक्टर नवा, त्याने माणसं नीट न मोजता घंटी मारली. घाट चढून वर आल्यावर मागच्या सीटखालच्या एका पिशवीत कोंबडी ओरडू लागली आणि पिशवीला मालक सापडेना. एक म्हातारी खालीच राहिली होती. काकांनी भरलेली गाडी वळवली. लोक शिव्या देऊ लागले. एकाची कोर्टात तारीख होती, तो म्हणाला, एका म्हातारीपायी माझा खटला जाईल. काका म्हणाले, "जाऊ द्या, पुढची तारीख मिळंल. म्हातारी दुसरी मिळायची न्हाय." खाली आले तर म्हातारी चहाच्या टपरीसमोर मांडी घालून निवांत बसलेली.

"म्या इचारलं, आजी, भ्याली न्हाईस का? तर म्हनती कशी, भ्यायचं काय त्यात, माजी कोंबडी गाडीत हाय की. गाडी माघारी येनारच."

यावर सगळे हसायचे. मग काका शेवटचं वाक्य टाकायचे, "उशीर का केला म्हनून मेमो आला. म्या कारनाच्या रकान्यात लिवलं, कोंबडी."

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील रात्री खळ उकळायचे, पहाटे भिंतींना चळवळीची पत्रकं डकवायचे, उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं केली. त्यामुळे मीही लिहायला लागले ती पत्रकंच. एक काकांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून, बोट ओळीखाली फिरवत, सबंध वाचलं.

"चांगलं हाय. पन दर वळीच्या शेवटी ही काठी कशाला उभी केलीस?"

"उद्गारचिन्ह आहे ते, काका."

"व्हय, पन इतक्या काठ्या बघून मानूस जवळ येईल का? भ्याड असला तर पळून जाईल, आन खमक्या असला तर त्योबी काठी आनंल."

तेव्हापासून मला ते 'पत्रक' म्हणू लागले. "ए पत्रक, आरशात बघ."

नंतरची दोन वर्षं कशी आली ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. आरक्षणाच्या प्रश्नावर गावंच्या गावं दोन्हीकडून ताणली गेली. मंडप उभे राहिले, मोर्चे निघाले, गावाच्या वेशीवर फलक लागले. ज्या न्हाव्याकडे आज्यापासून दाढी केली त्याच्याकडे जायचं नाही, ज्याच्या दुकानातून बाकी ठेवून साखर आणली त्याच्याकडून आगपेटी घ्यायची नाही, असं पोरं मोबाईलवर एकमेकांना बजावू लागली. मागण्या दोन्हीकडच्या पोटातून आलेल्या होत्या, हे मी तेव्हाही लिहिलं आणि आजही लिहीन. पण नोकऱ्याच कुठे आहेत, हे विचारायला कुणी तयार नव्हतं. परातीत भाकरी नव्हती आणि आम्ही तिचे वाटे कसे करायचे यावरून एकमेकांच्या उरावर बसलो होतो. ज्यांनी परात रिकामी केली ते दोन्हीकडचे पुढारी एकमेकांच्या लग्नांत आहेर करत होते.

आमच्यात हे सगळं आलं ते एका स्टिकरच्या रूपाने. महेशच्या बुलेटच्या मागे एके दिवशी ते उगवलं. काकांनी नेहमीप्रमाणे डिकीतून लोखंडी पट्टी आणि पेट्रोलचा बोळा काढला. पूर्वी कुणी हौसेने काही चिकटवलं की काका खरवडायचे आणि ज्याची गाडी असेल तो हसत चहा पाजायचा. महेश म्हणाला, "राहू द्या काका. ते राहू द्या." आवाज चढवला नव्हता. काका बोळा हातात धरून जरा वेळ उकिडवे बसले, मग उठले.

पुढच्या शनिवारी अंगदच्या गाडीवर त्याचं स्टिकर आलं, महेशच्यापेक्षा बोटभर मोठं. काकांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "माझंच खटकतंय व्हय? त्याचं पट्टीनं खरवडलं का तुम्ही?"

"न्हाय खरवडलं," काका म्हणाले.

"मग."

पट्टी आणि बोळा डिकीत परत गेले. त्यानंतर दर आठवड्याला आणखी एका गाडीची पाठ भरत गेली. बघता बघता कोण कुणामागे चालणार हेही ठरायला लागलं. आधी कुणाचीही गाडी कुठेही असायची, आता पुढे सहा एका तऱ्हेच्या, मग पाच दुसऱ्या तऱ्हेच्या. काका सगळ्यांच्या मागून ते वाचत यायचे. एकदा मला म्हणाले, "पयलं वाटायचं एक गाडी चालली. आता दोन गाड्यांचे डबे जोडल्यावानी वाटतंय." जावेदने यायचंच बंद केलं. विचारलं तर म्हणायचा, "ये दोनों का फैसला हो जाने दो. तब तक मेरा गॅरेज संडे को चालू." त्याचा फैसल्यावर विश्वास नव्हता, हे तो सांगायचा नाही.

काका मात्र दोघांनाही फोन करायचे. शुक्रवारी संध्याकाळी आधी एकाला, मग दुसऱ्याला. एकदा मी तिथेच होते. फोन ठेवून म्हणाले, "दोगंबी येतो म्हनले. जवर दोगं येत्यात तवर ठीक हाय. बोलू देत न बोलू देत. एका रस्त्यानं चालू देत." त्यांना मित्रांची समजूत घालायची नव्हती, भाषणं करायची नव्हती. फक्त गाड्या एका ओळीत राहाव्यात, एवढंच मागणं होतं. त्या वर्षात ते फार मोठं मागणं ठरलं.

भाद्रपदातला तो रविवार. निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं, येडशी ओलांडेपर्यंत आभाळ भरून आलं, येरमाळ्याला पोचलो तर एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला पिवळं ऊन. डोंगरावरच्या पवनचक्क्यांची पाती ढगात जात होती आणि खाली येताना भिजून येत होती. चहाच्या हॉटेलात दोन टेबलं झाली. काका मधल्या खांबाला टेकून उभ्यानेच चहा प्यायले.

वाद कशावरून सुरू झाला हे सांगण्यात अर्थ नाही, तो त्या दिवसांत कशावरूनही सुरू होत असे. महेश काहीतरी बोलला, अंगदने टोला दिला, टोल्याला टोला. काका मध्ये पडले. "ए बाबांनो, पाऊस धरलाय, वर धुकं असंल. निघू या."

महेश त्यांच्याकडे वळला. "तुम्हाला काय, काका. तुमचं कधीच मिळालंय."

काकांचं आडनाव कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ते माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं वागायचं, हाच तो नियम होता. मी अंगदकडे बघितलं. तो काही बोलेल असं वाटलं. त्याने बशीतला चहा फुंकला. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

काकांनी कप खाली ठेवला. "मिळालं की," ते म्हणाले. "स्टेरिंग मिळालं. तुज्या बापाला आन ह्याच्या बापाला तीस वर्सं एकाच गाडीतनं तुळजापूरला नेलं, परत आनलं. दोगांनाबी धक्का लागू दिला न्हाय." मग रेनकोटची वरची गुंडी लावली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "टिंग टिंग."

वर खरोखरच धुकं होतं. घाटात माझ्या स्कुटीच्या प्लगमध्ये पाणी गेलं आणि ती बंद पडली. काका थांबले. प्लग काढून खाकी शर्टाच्या आतल्या कोरड्या बाजूला पुसला, फुंकर मारली, परत बसवला. "तुजं भाजीचं गाडं," एवढंच म्हणाले. पाऊस थांबला, ऊन आलं, परत पाऊस आला, एवढा वेळ गेला असेल. मला काळजी नव्हती. पुढे फाटा होता, आणि फाट्यावर कुणीतरी उभं असणारच.

त्या फाट्याला सरळ रस्ता वाशीकडे जातो आणि डावा भूमकडे. एक मोडकी निवाऱ्याची शेड आहे, पत्रा अर्धा उडालेला. आम्ही पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

काकांनी गाडी उभी केली, दिवा तसाच ठेवला. दोन्ही रस्त्यांवर थोडं थोडं चालून आले. रस्त्याकडेच्या चिखलात चाकं उमटली होती, दोन्हीकडे.

मी महेशला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. तो वाशीकडच्या त्यांच्या शेतात पोचला होता, मागे भांडी वाजत होती. "काका तिकडल्या लोकांबरोबर असतील म्हणून आम्ही आलो पुढं," तो म्हणाला. "या की इकडं. धपाटे झालेत, दही आहे. काकांना घेऊन ये."

अंगदला लावला. तो भूमच्या बाजूला सासुरवाडीत होता. त्यानेही तिकडे स्वयंपाक सांगून ठेवला होता, आदल्या दिवशीच. "मला वाटलं काका महेशच्या लोकांना घेऊन गेले," तो म्हणाला. "इकडं या तुम्ही. मटण आहे. काकांना म्हणावं, वाट बघतोय."

दोघांचीही वाक्यं एकमेकांवर ठेवली असती तर काठ जुळले असते. प्रत्येक जण धरून चालला होता की शेवटचा माणूस दुसऱ्यांच्या वाट्याला गेला असेल. फाट्यावर कोण थांबणार? आपल्यातला का थांबावा, मागून त्यांच्यातले येतायत, ते थांबतील. त्यांच्यातल्यांनीही हेच म्हटलं. पाच वर्षं जो नियम धुक्यात, पावसात कधी चुकला नव्हता, तो चुकला कारण तो चालवायला मागचा माणूस आपला वाटावा लागतो.

मी काकांना दोन्ही निरोप सांगितले. ते शेडखाली दगडावर बसले होते.

"वाशीला गेलो तर काय व्हईल?" त्यांनी विचारलं.

"अंगद म्हणेल, काका त्यांचे झाले."

"आन भूमला गेलो तर?"

मी परत फोन हातात घेतला.

"सांग दोगांनाबी. काका फाट्यावर हायेत. जेवन हितं घेऊन या. धपाटे बी आना, मटन बी आना."

मी दोघांना सांगितलं. महेश म्हणाला, "बघतो." अंगद म्हणाला, "बघतो."

आम्ही बसलो. समोर डोंगर एकदा दिसायचा, एकदा पुसला जायचा. ऊन पडलं की डांबरातून वाफ निघायची, पाऊस आला की उरलेला पत्रा वाजायचा. काकांनी खिशातून शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढून माझ्यापुढे धरला. स्वतः खाल्ला नाही. मध्येच उठून गाडीचा दिवा बघून आले, पाणी जाऊन विझला नाही ना. बॅटरी उतरेल म्हणून अधूनमधून किक मारून इंजिन चालू करायचे.

वाशीच्या बाजूने धुक्यात एक दिवा दिसला. काका उभे राहिले. रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले. दुधाच्या किटल्या लावलेली गाडी निघाली, मान हलवून निघून गेली. बऱ्याच वेळाने भूमच्या बाजूने दोन दिवे आले. या वेळी ते मला म्हणाले, "बघ, दोन हायेत." ते दोन दिवे एका टेम्पोचे होते.

संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "मी लिहिणार आहे यावर. नावं घालून लिहिणार आहे."

"लिव," ते म्हणाले. "काठ्या कमी घाल."

मग बराच वेळ गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या म्हातारीची कोंबडी तरी व्हती गाडीत."

मी त्यांना कधी हताश बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ते तसे दिसत नव्हते. दगडावर ताठ बसले होते, ड्रायव्हर बसतो तसे, दोन्ही हात समोर. फक्त तो रेनकोट, जो ते उन्हातही काढत नसत, तो त्यांनी काढून शेजारी ठेवला होता आणि पाऊस पडत होता.

अंधारायला लागलं तेव्हा ते उठले. मला वाटलं आता तरी पुढे होतील. दोनच गाड्या, घाट, धुकं, माझी स्कुटी अशी. "तू हो म्होरं," ते म्हणाले. येरमाळा, येडशी, सगळा रस्ता माझ्या आरशात तो पिवळा ठिपका होता. निघताना त्यांनी घंटी मारली नव्हती, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी कुणालाच फोन केला नाही. आमचा मोबाईलवरचा गट आधी गप्प झाला, मग एकेक जण बाहेर पडला. आता दोन वेगळे गट आहेत. दोघांनाही नावं आहेत, दोघांचे टी-शर्ट आहेत, दोन्हीकडे फाट्यावर थांबायचा नियम आहे म्हणे. काकांना दोन्हीकडून बोलावणं आलं. त्यांनी गाडी जावेदच्या गॅरेजवर नेऊन उभी केली. जावेद म्हणाला, "बेचना है क्या काका?" तर म्हणाले, "न्हाय. उभी राहू दे. कोपऱ्यात घे, पाठ भिताडाकडं करून."

मी पत्रक लिहिलं. नावं घालून लिहिलं, मग नावं काढली, मग काठ्या काढल्या. उरलं ते छापण्यासारखं नव्हतं.

हिवाळ्यात कळलं की काका मुलीकडे पुण्याला जातायत, कायमचे. काकू आधीच वारल्या होत्या, घर भाड्याने दिलं. मी सकाळी स्थानकावर पोचले तेव्हा पुण्याची बस फलाटावरून मागे येत होती. दव पडलं होतं, काचा धुरकट होत्या. मी खिडक्या बघत गेले. पुढची सीट मिळत असताना ते अगदी मागे बसले होते, जिथे हादरे बसतात म्हणून कुणी बसत नाही. मागची काच त्यांनी बाहीने पुसली होती, तेवढ्या गोलातून चेहरा दिसत होता. पाठ ड्रायव्हरकडे, तोंड रस्त्याकडे.

कंडक्टरने घंटी मारली, दोनदा. मी स्कुटी सुरू केली आणि गाडीच्या मागे निघाले. आजवर मी कधीच त्यांच्या मागे चालले नव्हते. दिवसाउजेडी माझा दिवा लागलेला होता, तो लागतोच. त्यांना तो दिसत असणार. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला, धुकं दाट होत गेलं, बसने वेग घेतला. माझं अंतर वाढायला लागलं. मी मूठ पूर्ण पिळली होती.

पुसलेल्या काचेमागे त्यांचा हात वर झाला. तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली. आमच्यात त्याचा अर्थ एकच होता, थांब. मग त्यांनी मान अर्धी वळवली आणि बसच्या आत, पुढे, लांब बसलेल्या ड्रायव्हरकडे बघितलं. त्यांच्या ओठांची हालचाल मला बाजूने दिसली. एकच घंटी, थांबायची.

मी थांबले. बस थांबली नाही.